खडकाचे वय कोणाला विचारावे?

विद्यार्थी मित्रांनो, खडकाचे वय कसे काढतात असे विचारले, की तुमच्यापैकी बहुतेक जण 'किरणोत्सारावरून' असे चटकन सांगतील. मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा हे उत्तर ऐकून मला आनंदच व्हायला हवा. पण ते अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्याला आपण उगाच कमी लेखतो, असे माझे मत आहे.

लाव्हारस थिजला, की त्यातील स्फटिकांचे घड्याळ सुरू होते. म्हणून अग्निज खडकाचे वय किरणोत्सारावरून काढता येते. गाळाच्या खडकाचे तसे नाही. त्यातील वाळूचा कण कुठल्या तरी जुन्या डोंगरातून झिजून आलेला असतो. त्याचे वय काढाल, तर ते त्या डोंगराच्या खडकाचे निघेल. गाळ केव्हा साचला ते कळणार नाही. नातवाच्या खिशात आजोबांच्या वेळचे नाणे सापडले, म्हणून त्यावरून नातवाचे वय ठरवावे, तसेच ते होईल!

येथे मदतीला येतात फोरॅमिनिफेरा. हे समुद्रातील एकपेशीय जीव. त्यांचे कवच बहुधा चुन्याचे असते आणि बहुतेकांचा आकार एका मिलिमीटरहून लहान. त्यांतील तरंगणाऱ्या जाती प्रवाहांबरोबर दूरवर पसरतात आणि मेल्यावर त्यांची कवचे तळाच्या गाळात पडतात. एकदा नष्ट झालेली जाती पुन्हा निर्माण होत नाही. म्हणून दोन दूरच्या ठिकाणच्या थरांत त्याच जातींचा समूह सापडला, तर ते थर एकाच काळातले असे म्हणता येते.

एक उदाहरण पाहा. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ काळ्या कातळाचे थर आहेत. त्यांची रासायनिक घडण आपल्या महाबळेश्वरच्या परिसरातील लाव्हाशी जुळते. दोन लाव्हांच्या मध्ये समुद्राचा गाळ अडकलेला आहे. गेर्टा केलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली त्यातील फोरॅमिनिफेरांचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या महाविनाशात डायनोसॉर संपले, त्यानंतर लवकरच उदयास आलेल्या त्या जाती होत्या. ट्युनिशियातील एल केफ येथील गाळातही विनाशानंतर तशाच जाती दिसतात. म्हणजे खालचा लाव्हा विनाशाच्या सुमारास किंवा त्यापूर्वी वाहिला. विनाशाला ज्वालामुखी किती कारणीभूत आणि अशनीचा आघात किती, या वादात हा मोलाचा पुरावा आहे.

अर्थात कवचे क्रम सांगतात. वर्षांचा आकडा नव्हे. तो राखेच्या आणि लाव्हाच्या थरांतून पदार्थविज्ञान देते. दोघांनाही एकमेकांवाचून चालत नाही.

तेव्हा जीवांचे वर्गीकरण म्हणजे नुसती घोकंपट्टी, असे म्हणू नका. जाती अचूक ओळखणारी नजर तयार व्हायला वर्षे लागतात, आणि ती नजर नसेल तर राजमहेंद्रीचा गाळ मुकाच राहील. कोकणात गेलात, तर किनाऱ्यावरची मूठभर बारीक वाळू आणा आणि शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली पसरून पाहा. चिकाटीने शोधलेत, तर एखादे चिमुकले कवच तुम्हालाही गवसेल.