एका चुकलेल्या पेनल्टीनंतरची अठ्ठावीस वर्षे

१२ जुलै २०२१. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते. लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो स्पर्धेचा अंतिम सामना टायब्रेकरमध्ये गेला होता आणि आमच्या घरात टीव्हीसमोर मी आणि माझा पुतण्या असे दोघेच जागे होतो. इंग्लंडच्या बुकायो साका या १९ वर्षांच्या पोराची पेनल्टी इटलीच्या गोलरक्षकाने अडवली आणि खेळ संपला. पुतण्या म्हणाला, "काका, हा पोरगा संपला. आता जन्मभर त्याला हेच ऐकावं लागणार." माझे लक्ष मात्र साकाकडे नव्हते. त्याला मिठीत घेऊन उभ्या असलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाकडे होते. जन्मभर ऐकावे लागणे म्हणजे काय असते, हे त्या मैदानावर त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

ते गृहस्थ म्हणजे इंग्लंडचे मॅनेजर गॅरेथ साउथगेट. फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे कचेरीतला व्यवस्थापक नव्हे. संघ निवडणारा, डावपेच आखणारा आणि पराभव झाला की सर्वांत आधी ज्याचा राजीनामा मागितला जातो, तो मॅनेजर.

२६ जून १९९६ रोजी याच वेम्बलीवर युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड आणि जर्मनी १-१ असे बरोबरीत राहिले. टायब्रेकरमध्ये दोन्ही संघांच्या पाचही पेनल्टी गोलात गेल्या. सहावी घ्यायला २५ वर्षांचा बचावपटू साउथगेट पुढे झाला. व्यावसायिक सामन्यांत त्याने तोवर एकच पेनल्टी घेतली होती आणि तीही खांबाला लागली होती. त्याचा फटका जर्मन गोलरक्षक कोप्केने अडवला, पुढची पेनल्टी म्योलरने गोलात मारली आणि इंग्लंड बाहेर पडले. चेंडू सरळ जोरात का नाही मारलास, असे त्याला त्याच्या आईनेच विचारले. पुढे एका पिझ्झा कंपनीच्या जाहिरातीत डोक्यावर कागदी पिशवी घालून त्याने स्वत:ची थट्टाही करून घेतली. देशासाठी ५७ सामने खेळला, २००४ मध्ये मिडल्सब्रो क्लबचा कर्णधार म्हणून लीग चषक उचलला. पण लोकांच्या लेखी तो पेनल्टी चुकवणारा तो चुकवणाराच राहिला.

मॅनेजर म्हणून सुरुवातही काही डोळे दिपवणारी नव्हती. २००६ मध्ये मिडल्सब्रोने त्याच्याकडेच संघ सोपवला, तेव्हा या पदासाठी लागणारा सर्वोच्च परवानाही त्याच्यापाशी नव्हता; खास सवलत घ्यावी लागली. २००९ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, एक सामना जिंकल्यानंतर काही तासांतच, त्याला नारळ मिळाला. २०१३ पासून तो इंग्लंडच्या २१ वर्षांखालील मुलांना शिकवीत होता. २०१६ मध्ये युरो स्पर्धेत इंग्लंड आइसलँडकडून हरले, नवे मॅनेजर सॅम अलार्डाइस एका वृत्तपत्राच्या छुप्या चित्रीकरणात सापडून एकाच सामन्यानंतर गेले, आणि रिकाम्या खुर्चीत तात्पुरता म्हणून साउथगेट बसला. तात्पुरता आलेला हा माणूस आठ वर्षे टिकला.

टायब्रेकर म्हणजे इंग्लंडची दुखरी जागा. १९९० ते २०१२ या काळात मोठ्या स्पर्धांतल्या सात टायब्रेकरपैकी सहा त्यांनी गमावले. 'पेनल्टी म्हणजे लॉटरी', अशी तिथल्या जाणत्यांनी स्वत:ची समजूत घातली होती. ही समजूत मोठी सोयीची. नशिबावर बोट ठेवले की कोणाला काही करावे लागत नाही. साउथगेटने ती नाकारली. आपली पेनल्टी चुकली ती नशिबाने नव्हे, तयारी नव्हती म्हणून, असे त्याने मान्य केले आणि मग तयारी कशी करतात हे शोधले. सराव संपल्यावर, पाय थकलेले असताना पेनल्टी मारायच्या. मध्यरेषेपासून एकट्याने चालत येण्याचाही सराव करायचा. क्रम आधी ठरवायचा. शिट्टी वाजताच घाईने धावायचे नाही, श्वास घ्यायचा. भीतीविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून पिपा ग्रेंज या मानसशास्त्रज्ञ बाईंना त्याने संघाच्या कामात घेतले. २०१८ च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध इंग्लंडने इतिहासातला आपला पहिला विश्वचषक टायब्रेकर जिंकला. त्या जल्लोषात साउथगेट पेनल्टी चुकवलेल्या उरिबे या कोलंबियाच्या खेळाडूला जवळ घेऊन उभा होता.

आणि तरीही २०२१ ची ती रात्र आली. इथे साउथगेटच्या चाहत्यांनीही डोळे झाकू नयेत. रॅशफर्ड आणि सँचो यांना त्याने जादा वेळेच्या अगदी शेवटी, केवळ पेनल्टीसाठी मैदानात उतरवले. चेंडूला धड पाय न लागलेली ही दोन्ही मुले चुकली. पाचवी, सर्वांत जड पेनल्टी १९ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकली. तिघेही कृष्णवर्णीय. त्या रात्रीच त्यांच्यावर वांशिक शिव्यांचा पाऊस पडला. मँचेस्टरमधले रॅशफर्डचे भित्तिचित्र विद्रूप केले गेले. वस्तीतल्या माणसांनी मग त्यावर प्रेमाच्या चिठ्ठ्या डकवून तो डाग झाकला. पेनल्टी कोणी घ्यायची हे मी ठरवले, जबाबदारी माझी, असे साउथगेटने लगेच सांगून टाकले. हा केवळ दिलदारपणा नव्हता, ती वस्तुस्थितीही होती. पण वस्तुस्थिती असूनही ती वेळेवर कबूल करणारे अधिकारपदावर किती सापडतात?

टीकाकारांचे म्हणणे खोटे नाही. २०१८ च्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध आणि २०२१ च्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध इंग्लंडने पहिल्या पाच मिनिटांतच आघाडी घेतली आणि दोन्ही वेळा हाती आलेला सामना बचाव करता करता घालवला. अशी गुणी पिढी हाताशी असताना एकही चषक आला नाही. दुसऱ्या पारड्यात काय आहे? १०२ सामन्यांत ६१ विजय. मोठ्या स्पर्धांच्या बाद फेरीत, टायब्रेकर धरून, ९ विजय. युरोच्या लागोपाठ दोन अंतिम फेऱ्या. १९६६ च्या विश्वविजयानंतर ५५ वर्षे इंग्लंडच्या पुरुष संघाने एकही मोठी अंतिम फेरी पाहिली नव्हती. माझा हिशेब असा : डावपेचांत हा माणूस सावध, प्रसंगी भित्राही होता, पण ज्या संघाचा अंगरखा घालायलाच खेळाडू घाबरत, त्या संघाची भीती त्याने घालवली. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड असते आणि त्याचा चषक मिळत नाही.

२०२४ च्या युरो स्पर्धेत स्लोव्हेनियाशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर कोलोनच्या मैदानात इंग्लंडच्याच पाठीराख्यांनी त्याच्या दिशेने बियरचे पेले भिरकावले. तरी संघ अंतिम फेरीत गेला, स्पेनकडून १-२ हरला आणि दोन दिवसांनी साउथगेटने पद सोडले. त्याच्या जागी टॉमस टुखेल या जर्मन प्रशिक्षकाची नेमणूक झाली. १९९६ ची रात्र आठवणाऱ्यांना यातला योगायोग जाणवला असेल. २०२५ च्या नववर्ष सन्मानांत साउथगेट 'सर' झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये बीबीसीच्या डिंबलबी व्याख्यानात ते फुटबॉलच्या डावपेचांवर नव्हे, तर आजच्या तरुण मुलांवर बोलले : एकटी पडणारी, अपयशाला घाबरणारी, खेळ-जुगाराच्या पडद्यात आणि भलत्याच 'गुरूं'त आधार शोधणारी मुले. या विषयावर बोलण्याचा अधिकार त्यांनी २५ व्या वर्षी, फार महागात मिळवला होता.

त्या २०२४ च्या स्पर्धेतली एक रात्र सांगायची राहिली. ६ जुलै, ड्युसेलडॉर्फ, उपांत्यपूर्व सामना. इंग्लंड स्वित्झर्लंडविरुद्ध पिछाडीवर असताना साकाने ८० व्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला. पुन्हा टायब्रेकर. साका पुन्हा मध्यरेषेपासून चालत आला, थांबला, श्वास घेतला आणि चेंडू गोलात गेला. पाचपैकी पाचही पेनल्टी इंग्लंडने साधल्या. 

पुतण्या एव्हाना नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेलेला. मध्यरात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, पोरगा संपला नव्हता."

मी म्हटले, "नाही. कारण त्याला कोणी संपू दिले नाही."