शब्दांची साठेबाजी

जयपूरच्या सिविल लाइंसमध्ये भूखंड पडीक ठेवून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्या सटोडियाजवळ निदान जमीन तरी असते. डोमेन नावांच्या साठेबाजाने शब्दांनाच कुंपण घातले आहे! सप्टेंबर १९९५ पर्यंत इंटरनेटवरील ही नावे विनामूल्य मिळत. खर्च अमेरिकी जनतेच्या करांतून भागे. मग नेटवर्क सोल्युशन्स या खाजगी कंपनीला दोन वर्षांच्या नोंदणीसाठी १०० डॉलर आकारण्याची मुभा मिळाली, आणि जनतेच्या पैशाने उभारलेल्या व्यवस्थेवर खंडवसुली सुरू झाली. १९९९ मध्ये ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव ७५ लाख डॉलरना विकले गेले. हा शब्द घडवण्यात विकणाऱ्याचे श्रम ते कोणते?

कायदा आहे, पण कोणासाठी? त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’ कंपनीच्या तक्रारीवरून ‘रॅडिफ’ हे नाव वापरणाऱ्यांना रोखले. निर्णय रास्तच. परंतु हे संरक्षण व्यापारी नावाला. सर्वांच्या मालकीचा साधा शब्द मात्र जो आधी नोंदवील त्याच्या तिजोरीत जातो.

२०१९ मध्ये तर बिगरनफा संस्थांचा ‘डॉट ऑर्ग’ हा अख्खा विभागच ११३ कोटी ५० लाख डॉलरना खाजगी भांडवलाच्या घशात घालण्याचा घाट घातला गेला. जगभरच्या संस्थांनी काहूर उठवले, तेव्हा कोठे ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने त्या व्यवहाराला संमती नाकारली.