७६ हजार कोटींचा नफा (म्हणे)

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. ऑफिसबाहेरच्या टपरीवर आमच्या टीममधला एक पोरगा मोबाइल नाचवत आला. "दादा, हे बघ! टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स, एका तिमाहीत ७६ हजार कोटी नफा! बोनस आलाय, टाकू का सगळा?"

मी म्हटलं, बाबा रे, आधी चहा घे आणि मग त्या आकड्याच्या खाली काय लिहिलंय ते वाच. खाली लिहिलं होतं की ८२ हजार कोटींहून जास्त रक्कम हा कंपनीच्या विभाजनातून आलेला निव्वळ कागदी नफा आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून ट्रक-बसचा धंदा वेगळा झाला, त्याची हिशेबाच्या नियमांप्रमाणे एक किंमत धरली गेली आणि ती नफ्याच्या रकान्यात बसली. ती काढली तर उरतो ६ हजार कोटींच्या वर तोटा. सप्टेंबरमध्ये सायबर हल्ल्यामुळे जग्वार लँड रोव्हरचे कारखाने बंद होते, त्याचा हा परिणाम. कंपनीने काही लपवलं नव्हतं. सगळं छापलेलं होतं. वाचलं नव्हतं ते आमच्या हिरोने.

आणि इथेच माझं डोकं सटकतं. आपण मंडळी रिलीजच्या आधी लॉगची एक-एक ओळ वाचतो, दोनशे रुपयांचा इअरफोन घ्यायला चाळीस रिव्ह्यू वाचतो, आणि स्वतःच्या घामाचा पैसा जिथे घालतो त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडतसुद्धा नाही. कारण काय, तर "टाटा आहे रे, विश्वास आहे."

हा विश्वास पुण्यात तर घराघरात आहे. मुलगा 'टेल्कोत' आहे म्हटलं की एके काळी लग्नाची बोलणी अर्धी पार पडायची. कंपनीचं नाव २००३ मध्ये बदललं, पण आमच्या सोसायटीतले काका अजून टेल्कोच म्हणतात. मला त्या विश्वासाची टिंगल करायची नाही, तो कमावलेला आहे. पण विश्वास ही काही ऑडिट करता येण्यासारखी गोष्ट नाही.

आता जरा आकडे. २०१३-१४ मध्ये टाटा मोटर्सचा एकत्रित नफा जवळपास १४ हजार कोटी. एकट्या भारतीय कंपनीचा? ३३५ कोटी! म्हणजे सगळी मलई जग्वार लँड रोव्हरची, जी २००८ मध्ये फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना घेतली होती. आता २०१८-१९ बघा. एकट्या कंपनीला २ हजार कोटी नफा, आणि एकत्रित तोटा २८ हजार ८०० कोटींच्या घरात. त्यातले २७,८३८ कोटी म्हणजे एकाच तिमाहीत जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेची किंमत खाली आणल्याचे. आपल्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट हिरवी आणि इंटिग्रेशन टेस्ट लालभडक. कुठली बघून तुम्ही "कंपनी चांगली चाललीय" म्हणता?

पण हा झाला फक्त धंदा. धंदा वर-खाली होणारच. मला बोलायचंय ते कारभारावर, कारण तिथे आपल्या हातात काहीतरी आहे आणि ते आपण कचऱ्यात टाकतो.

२०१४ च्या जुलैमध्ये काय झालं? भारतातल्या कंपनीचा नफा घसरल्यामुळे वरिष्ठ संचालकांचे पगार कायद्याच्या मर्यादेबाहेर जात होते. दोन कार्यकारी संचालक, आणि त्या वर्षी जानेवारीत निधन झालेले व्यवस्थापकीय संचालक कार्ल स्लिम, यांच्या मोबदल्याचे ठराव टपाली मतदानाला आले. विशेष ठराव, म्हणजे ७५ टक्के मतं हवीत. मिळाली नाहीत! टाटांचा ठराव भागधारकांनी पाडला. आकाश कोसळलं का? नाही. कंपनी नीट स्पष्टीकरण घेऊन पुन्हा आली आणि २०१५ च्या सुरुवातीला ठराव मंजूर झाले. कदाचित पगार योग्यच असतील. पण "का?" असं कुणीतरी विचारल्याशिवाय ते स्पष्टीकरण आलं नसतं. आणि विचारलं ते मोठ्या संस्थांनी. तुम्ही-आम्ही तेव्हा बहुतेक सेन्सेक्स बघत होतो.

मग २०१६. २४ ऑक्टोबरला सायरस मिस्त्रींना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून काढलं, आणि त्यांच्या पत्रातून बाहेर आलं की नॅनोचा तोटा एके काळी हजार कोटींपर्यंत गेला होता, ती फायद्यात येण्याचं चिन्ह नव्हतं, पण भावनिक कारणांमुळे बंद करता येत नव्हती. आरोप हा एका बाजूचा, मान्य. पण विक्री तर सगळ्यांसमोर होती: साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची, आणि सगळ्यात चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, विकल्या गेल्या ७५ हजारांच्या आत. नॅनोचा तोटा वेगळा दाखवणारी ओळ अहवालात नव्हती. हाकललेल्या अध्यक्षाने पत्र लिहावं तेव्हा मालकांना कळावं, याला कारभार म्हणायचं?

त्याच डिसेंबरमध्ये नुस्ली वाडियांना स्वतंत्र संचालक पदावरून हटवण्याचा ठराव आला. (१९९८ पासून एकाच खुर्चीत बसलेला माणूस किती 'स्वतंत्र', हा प्रश्न आहेच. पण तो आधीची १८ वर्षं कुणाला पडला नव्हता.) कोण बरोबर, कोण चूक यात मला शिरायचं नाही. मूळ मिस्त्री प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये टाटा सन्सच्या बाजूने निकाल दिला आहे. माझं भांडण नियमाशी आहे. स्वतंत्र संचालक म्हणजे आपला टेस्टर. प्रवर्तकाच्या कोडमधले बग काढायला बसवलेला. आणि त्याला काढायचं कसं, तर निम्म्याहून जास्त मतांनी, ज्यातली सुमारे एक तृतीयांश मतं प्रवर्तकाचीच! ठरावाच्या बाजूने साधारण ७१ टक्के मतं पडली. ७५ ची अट असती तर तो पडला असता. सेबीला ही अट घालायला १ जानेवारी २०२२ उजाडला.

आता स्वतःचंच हसं. २००८ मध्ये कंपनीने 'ए' वर्गाचे शेअर काढले. दहा शेअरला एक मत, बदल्यात ५ टक्के जास्त लाभांश. बाजारात ते बरेच स्वस्त मिळायचे, म्हणून मीही पुढे घेतले. मोठ्या हुशारीने! मग कळलं की ५ टक्के हे दर्शनी किमतीवर. म्हणजे २ रुपयांच्या शेअरवर १० पैसे. नव्वद टक्के मत मी वर्षाला १० पैशांना विकलं होतं. वर २०१६-१७ पासून सलग सहा वर्षं लाभांशच शून्य, त्यामुळे ते १० पैसेसुद्धा नाहीत. च्यायला! २०२४ मध्ये दहाच्या बदल्यात सात साधे शेअर देऊन तो प्रकार कंपनीने एकदाचा बंद केला.

"माझ्या पन्नास शेअरने काय फरक पडणार" हे मला सांगू नका. ज्यांच्याकडे तुमची एसआयपी आहे त्या फंडांना एप्रिल २०२२ पासून प्रत्येक ठरावावर मत द्यावंच लागतं, आणि कुठे कसं मत दिलं ते त्यांच्या साइटवर टाकावं लागतं. ते वाचा, आणि जिथे डोळे झाकून 'होय' दिसेल तिथे एक मेल करा. स्वतःचं मत द्यायला तर लॉगिन, ओटीपी आणि पाच मिनिटं लागतात. त्याहून जास्त वेळ आपण जेवण मागवताना कूपन शोधण्यात घालवतो.

हे सगळं त्या पोराला टपरीवर ऐकवलं. बिचाऱ्याने दोन कटिंग होईपर्यंत ऐकून घेतलं. परवा तो स्वतःहून आला. त्याच्याकडे दुसऱ्याच एका कंपनीचे शेअर आहेत, मत कुठे द्यायचं म्हणाला. मेल शोध म्हटलं. बऱ्याच वेळाने सापडली, प्रमोशन्सच्या टॅबमध्ये, पिझ्झाच्या ऑफरखाली. मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला संपली होती.