आधी रक्त, मग अँटिबायोटिक

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा ताप तीन आठवडे हटत नाही, तेव्हा त्याच्या फायलीत बहुधा एकच क्रम सापडतो. पहिल्या आठवड्यात ‘विडाल पॉझिटिव्ह’, म्हणून टायफॉईडचा कोर्स. दुसऱ्यात लघवीत जंतू निघाले, म्हणून दुसरे अँटिबायोटिक. तिसऱ्यात घरचे हवालदिल, म्हणून सलाईन आणि जोडीला स्टेरॉईडचे इंजेक्शन. ताप दोन दिवस उतरतो, पुन्हा चढतो. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर अशा तापात औषध काही काळ हातात राखून ठेवणे हे डॉक्टरांचे सर्वांत अवघड कौशल्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

पीटर्सडॉर्फ आणि बीसन या डॉक्टरांनी १९६१ मध्ये अशा तापाची व्याख्या केली: वारंवार १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जाणारा, तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही न उलगडलेला. म्हातारपणी मात्र १०१ चा आकडा फसवतो. थकलेले शरीर गंभीर संसर्गातही फारसे तापत नाही. एरवी ९७ असणाऱ्या आजींच्या अंगात ९९.४ ची कसर असेल, तर तो तापच समजावा. कधी तर आधी जेवण सुटते, घरातल्या घरात तोल जातो, बोलण्यात असंबद्धपणा येतो; अंग तापल्याचे नंतर लक्षात येते.

वरच्या फायलीतले दोन्ही रिपोर्ट खोटे नसतात. पण विडाल चाचणी जुन्या संसर्गाच्या प्रतिपिंडांमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि वयस्कर स्त्रियांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडणे नेहमीचेच. जे सापडले तेच तापाचे कारण, असे मानून चालले की शोध तिथेच थांबतो.

घाईची किंमतही मोजावी लागते. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले असतील, तर ते पकडायला वेगवेगळ्या वेळी घेतलेले रक्त कल्चरला लावावे लागते, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. एकदा गोळ्या सुरू झाल्या की कल्चर कोरे येऊ शकते. लेव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट दाबते. रुग्णाला बरे वाटते आणि निदान लांबते. स्टेरॉईडने तर क्षयाचा, लिम्फोमाचा, संधिवाताचा असा कुठलाही ताप उतरू शकतो, आणि क्षय असेल तर तो आतल्या आत पसरतो. ‘एकेटी’, म्हणजे क्षयाची औषधे, ‘देऊन बघू’ हा प्रयोगही निर्णायक नसतो. त्यातले रिफॅम्पिसिन इतर अनेक जंतूंना मारते, त्यामुळे ताप उतरला म्हणजे क्षय सिद्ध झाला, असे होत नाही.

मग विचार कसा करायचा? वय आणि गाव पाहून. युरोपातल्या डॉक्टरांना सत्तरीतल्या अशा रुग्णात कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीची सूज लवकर आठवते. आपल्याकडे ती विरळ, म्हणून पहिला संशय क्षयावर, आणि तोही केवळ फुप्फुसांच्या नाही. यकृत, अस्थिमज्जा, मणके, गाठी सगळे तपासायचे. रुग्ण विदर्भातला, पावसाळ्यात शेतात जाणारा असेल, तर काख, जांघ, कमरेखालची त्वचा बारकाईने पाहायची. २०१८ मध्ये नागपूर परिसरात स्क्रब टायफसची साथ आली होती, आणि त्याची काळी खपली अशाच झाकल्या जागी सापडते. चालू औषधांची यादीही संशयितांत धरायची: फिट्सची फेनिटॉइन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल यांनीही ताप येतो, आणि गोळी बंद केल्यावर तो बहुधा दोन-तीन दिवसांत जातो. पेट स्कॅन उपयोगी आहे, पण तो कुठे सुई घालायची ते दाखवतो; आजाराचे नाव बहुतेकदा त्या जागेचा तुकडा तपासल्यावरच कळते.

थांबणे हा सरसकट नियम नाही. रक्तदाब कोसळत असेल किंवा केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या असतील, तर कल्चरचे रक्त काढून लगेच अँटिबायोटिक द्यायचे. नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे, नजर अंधुक होणे अशी लक्षणे असतील, तर कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीच्या सुजेचा संशय धरून स्टेरॉईड त्याच दिवशी सुरू करायचे आणि बायोप्सी मागाहून. नाहीतर डोळा जातो.

‘डॉक्टर, काहीतरी द्या ना’ हा घरच्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे, आणि त्यापुढे मान तुकवणारे डॉक्टरही पुष्कळ. त्याऐवजी चार वेळच्या तापाचा तक्ता, जुने रिपोर्ट आणि काढ्यासकट सगळ्या औषधांची पिशवी घेऊन जा. आणि नवे अँटिबायोटिक लिहून दिले तर विचारा: हे कोणत्या आजारासाठी, आणि त्याआधी कल्चरचे रक्त घेतले का? या प्रश्नावर चिडणाऱ्या डॉक्टरपेक्षा ‘अजून नक्की कळलेले नाही, उद्या पुन्हा तपासू’ म्हणणारा डॉक्टर तुमच्या आजोबांच्या अधिक उपयोगाचा आहे.