ओढणी गळ्यातच राहिली

गेल्या फेब्रुवारीत आई आमच्याकडे आली होती. एका संध्याकाळी ईस्टबर्नच्या किनाऱ्यावर खडकांच्या फटीत कोरोरा, म्हणजे छोटा निळा पेंग्विन दिसला. पिसं झडलेली, अंग आक्रसलेलं. आईचा जीव कळवळला. "अगं, आजारी आहे बिचारा! ओढणीत घे, नाहीतर पाण्यात तरी सोड."

मी वाकलेच होते. लेकीनं माझा हात धरला. "मम्मा, आधी फोन."

संवर्धन खात्याचा, म्हणजे 'डॉक'चा, ०८०० ३६२ ४६८ हा क्रमांक लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, जखम दिसते का? जवळ कुत्रा आहे का? मग कळलं, तो पिसं बदलत होता. साधारण दोन आठवडे, नवी पिसं येईपर्यंत, अंगात पाणी शिरतं. म्हणून तो उपाशीपोटी जमिनीवरच बसतो. आम्ही मायेनं पाण्यात सोडला असता, तर गारठून मेला असता.

प्रत्येक वेळी लांब राहणंच बरोबर असतं असं नाही. २०११ साली पेकापेकाच्या किनाऱ्यावर आलेला 'हॅपी फीट' हा एम्परर पेंग्विन बर्फ समजून वाळू गिळत होता. वेलिंग्टन प्राणिसंग्रहालयात उपचार झाले म्हणून तो वाचला. पण कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, हे जाणकारांनी ठरवावं.

आपण काय करावं? लांबून फोटो काढावा, नेमकी जागा लिहून घ्यावी, मुलांना आणि कुत्र्याला दूर ठेवावं. खाऊपिऊ घालू नये. सील दिसला तर वीस मीटर अंतर. तो शिंकला, खोकला तरी आजारी असतोच असं नाही, पण चावतो मात्र जोरात. तीन किंवा जास्त पक्षी एकत्र आजारी वा मेलेले दिसले तर हात न लावता ०८०० ८० ९९ ६६ वर कळवावं. बर्ड फ्लू म्हणजे काय, हे २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांनी आपल्याला चांगलंच शिकवलंय.

आई परत गेल्यावर तिच्या पहिल्याच फोनवर प्रश्न आला, "आपला पेंग्विन कसा आहे गं?"

मी जाऊन पाहिलं होतं. फटीत नुसती पिसं पडली होती.

"गेला, आई. पोहत गेला असेल."

"बरं झालं, हात लावला नाहीस," ती म्हणाली.