दीड टनाचा प्रश्न

दीड टनाचा एसी घ्यायला निघालेल्या एखाद्याला हळूच शंका येते, एवढं वजन भिंत पेलेल का? हा टन वजनाचा नव्हे, बर्फाचा. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. या धंद्याचं मापच बर्फातून आलं आहे. आयटीआयमध्ये दोन वर्षं रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड करणारी मुलं मात्र बाहेर पडताच नावातला पहिला शब्द विसरतात.

त्यांचं चुकतं असंही नाही. मार्च ते मे स्प्लिट एसीची सर्व्हिसिंग म्हणजे रोजचा रोख पैसा. बाइक, सॅक, गेज, जेट पंप. झालं दुकान सुरू. पण या सीझनमध्ये मुलगा कामाआधी एक थाप शिकतो : ‘काका, गॅस कमी झालाय.’ एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून ब्रेझिंग करायचं, व्हॅक्यूम काढायचा, मग वजन करून गॅस भरायचा. दिवसाला आठ घरं धरलेल्या पोराला हे परवडत नाही. नुसता गॅस मारून तो पुढे जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात काकांचा फोन पुन्हा येतो.

पिंपळगाव-निफाडच्या द्राक्षांपुढे ही थाप चालत नाही. तोडलेला माल काही तासांत शून्याच्या आसपास आणावा लागतो. उशीर झाला की देठ सुकून सगळं सांगतो. मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये बहुधा अमोनियाचा प्लांट असतो. तासातासाला सक्शन-डिस्चार्ज प्रेशर लॉगबुकात लिहायचं, ऑइल ड्रेन करायचं, सिस्टिममधली हवा काढायची. रात्रपाळी असते, सुरुवातीचा पगार एसीवाल्याच्या मे महिन्यापुढे किरकोळ, आणि अमोनिया विषारी. निदान तो नाकाला झोंबून आधी कळवतो तरी. तरीही आमचं मत असं की पहिली दोन वर्षं इथेच काढावीत. पुढे डेटा सेंटरच्या चिलरवर जायचं असो की आखातात, आकडे वाचायची सवय तिथेही लागतेच.

आणखी एक कारण आहे. २०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली. त्यानुसार एसीत भरल्या जाणाऱ्या एचएफसी वायूंचा वापर २०२८मध्ये गोठवायचा आणि २०३२पासून उतरवत न्यायचा. आर-२२ त्याआधीच जातो आहे. घरोघरी आलेला आर-३२ सौम्य का होईना, ज्वलनशील आहे, आणि आपली पोरं अजून तोंडात विडी ठेवून फ्लेअर नट सोडतात. अमोनियाला या करारांची झळ नाही. तो ओझोनला धक्का लावत नाही, तापमानवाढीतही त्याचा वाटा शून्य.

घरी हप्ते थकले असतील त्याने खुशाल मेमध्ये एसी करावेत, त्याला नावं ठेवायचा अधिकार आम्हाला नाही. पण मुलांना निवड करायला सांगण्याआधी दुसरी वाट दाखवायला तरी हवी. द्राक्षाचा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन भरात असतो, म्हणजे एसीवाल्यांचे फोन वाजायच्या जरा आधी. नाशिकच्या आयटीआयपासून पिंपळगाव एसटीने तासाभरावर आहे.