चार वर्षांतून एकदा ‘आपली मुलगी’

७ ऑगस्ट २०२१ची सकाळ आठवते? ‘बर्डी’ आणि ‘बोगी’तला फरक ठाऊक नसलेलेही टीव्हीसमोर श्वास रोखून बसले होते. अदिती अशोक टोकियोत चौथी आली. रौप्य-कांस्यासाठी प्लेऑफ खेळलेल्या दोघींपेक्षा तिचा फक्त एक फटका जास्त होता. संध्याकाळी नीरज चोप्रानं सुवर्ण जिंकलं आणि अदितीची नोंद ‘हुकलेलं पदक’ म्हणून झाली.

२०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिनं रौप्य मिळवलं. भारतीय महिला गोल्फमधलं ते पहिलंच आशियाई पदक. चर्चा मात्र शेवटच्या दिवशी निसटलेल्या सात फटक्यांच्या आघाडीची झाली. त्याच वर्षी तिनं केनियात आणि स्पेनमध्ये लेडीज युरोपियन टूरच्या स्पर्धा जिंकल्या, याची खबर आपल्यापैकी किती जणांना होती?

यावर हमखास उत्तर येतं : गोल्फ श्रीमंतांचा खेळ, आम्हाला त्याचं काय? खेळ महाग आहे, हे खरंच. पण मग ऑलिंपिकच्या सकाळी तीच ‘आपली मुलगी’ कशी होते? आपल्याला खेळाडू नको असतो, पदक हवं असतं. व्यावसायिक गोल्फरचं आयुष्य दर आठवड्याच्या स्पर्धेत, कट पार करण्यात आणि चुकल्यावर पुढच्या गावचं विमान पकडण्यात जातं. ती कारकीर्द बघायची नसेल, तर बघू नका. पण मग चौथ्या क्रमांकावर हळहळण्याचा हक्कही सांगू नका.